गुरुमूर्ती रावांचा सातवा परिच्छेद

गुरुमूर्ती रावांनी तेहतीस वर्षांत जेवढे मसुदे लिहिले तेवढे चेन्नईत दुसऱ्या कुणी लिहिले नसतील, आणि त्यातला एकही जसाच्या तसा बाहेर पडला नाही. एकही नाही, बरं का! मसुदा शाखेचा हा अधीक्षक सकाळी दहाला टेबलाशी बसायचा, शाईचं पेन झटकायचा आणि असं रेखीव इंग्रजी लिहायचा की वाचणाऱ्याने उठून नमस्कार करावा. मग तो कागद वरच्या मजल्यावर जायचा आणि संध्याकाळी लाल रेघांनी भरून परत यायचा. साहेब बदलले, साहेबांची लाल पेनं बदलली, रेघा तशाच. एका साहेबाने तर खालचं 'आपला विश्वासू' एवढं ठेवून वरचं सगळं खोडलं होतं. त्या दिवशी राव घरी येऊन बायकोला म्हणाले, "महालक्ष्मी, एक मसुदा. एकच. रेघ न मारतां परत यावा, मग मी सुखानें रिटायर होतों." महालक्ष्मीबाई भाजीची यादी वाचत होत्या. "कोथिंबीर दोनदां लिहिलीत," म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरी कोथिंबीर खोडली.

राव तंजावरकडचे. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले ते मराठी बरोबर घेऊन गेले, आणि ठेवणीतल्या शालीसारखी ही माणसं ती अजून वापरतात. तमिळची ठिगळं भरपूर, पण शाल तीच. ज्या सरकारी मंडळात राव नोकरीला होते त्याचं नाव मी घेत नाही. त्यांचं पेन्शन अजून तिथूनच येतं.

आता या माणसाने एखादा देव धरावा, एखादा राग शिकावा, गेला बाजार कोडी सोडवावीत. तर नाही. यांचा जीव मंडळाच्या फुटबॉल टीमवर. टीम म्हणजे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागलेले चौदा जण. लागले तेव्हा ते खेळाडू होते, एवढं मान्य करायला हवं. आता सेंटर फॉरवर्ड चाळिशीला टेकलेला, पळताना एक हात कमरेवर. लेफ्ट बॅकला मधुमेह, तो हाफ टाइमला पाणी न पिता आधी बिस्कीट शोधायचा. त्यातल्या त्यात तरणा म्हणजे गोलकीपर आरोक्यदास, चेन्नईजवळच्या कोवलमच्या कोळ्यांतला, तिशीचा, लांब हातांचा. लीगच्या तळच्या विभागात ही टीम वर्षानुवर्षं टिकून होती, कारण वर जायची ताकद नव्हती आणि त्याखाली विभागच नव्हता.

सगळे सामने गावभर कुठे कुठे व्हायचे. वर्षातून एक मात्र घरच्या मैदानात, म्हणजे कचेरीच्या मागच्या मोकळ्या जागेत, जिथे एरवी मंडळाच्या लॉऱ्या वळतात. त्या दिवशी राव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे. महालक्ष्मीबाई डबाभर मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या, द्यायच्या. एकोणीस वर्षांत टीम घरच्या मैदानात एकदाही जिंकली नव्हती. एकदा बरोबरी झाली होती, समोरच्यांचे तिघे पत्ता चुकून दुसऱ्याच मैदानावर गेले होते तेव्हा.

आणि हरल्यावर व्हायचं विमर्शन. हा रावांचा शब्द. आपण ज्याला चिरफाड म्हणतो ते. मैदानापासून चालत तिरुवल्लिकेणीतल्या एका मेसमध्ये जायचं, कोपऱ्यातलं टेबल धरायचं, फिल्टर कॉफी मागवायची आणि अकरा माणसांची सालं काढायची. इथवर जगातले सगळे फुटबॉलवेडे सारखेच. पण राव पडले मसुदा शाखेचे! ते पिशवीतून कचेरीचा कागद काढायचे, वर 'विषय' लिहायचे, खाली 'संदर्भ', आणि मग शिव्यांचं इंग्रजी करून आकडे घातलेले परिच्छेद. सातवा परिच्छेद नेहमी शिफारशीचा. सोमवारी एक प्रत फाइलला लागायची, दुसरी क्रीडा सचिवांकडे माहितीसाठी जायची. एकोणीस वर्षांत एकाचंही उत्तर आलं नव्हतं. रावांना त्याचं काही वाटत नसे, उलट बरं वाटे. हे एकच लिखाण असं होतं की ज्यावर लाल रेघ यायची शक्यता नव्हती, कारण ते कुणी वाचतच नव्हतं.

दोन हजार आठ साली मात्र मंडळावर नव्या मुख्य अधिकारी आल्या, विद्युलता मॅडम. हुशार, सरळ, आवाज न चढवणाऱ्या. बाईंना खोड एकच, आणि ती सरकारी कचेरीत फार वाईट. त्या कागद वाचायच्या.

त्या वर्षीचा घरचा सामना मार्चमध्ये शनिवारी होता, अंबत्तूरच्या कुठल्याशा कारखान्याच्या टीमशी. भाड्याच्या पन्नास खुर्च्या मांडलेल्या. बसलेली माणसं सात, त्यातली तीन सावली आहे म्हणून. उरलेल्यांत राव, त्यांच्या शेजारी हिशेब खात्यातून रिटायर झालेले सेतुमाधव, आणि पलीकडे मंदार. मंदार कोल्हापूरचा, सॉफ्टवेअरमध्ये, वेलचेरीला रावांच्या खालच्या मजल्यावर तिघा मित्रांबरोबर राहणारा. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल दिसला की पाय थांबतात. रावांनी एकदा सहज बोलावलं, तो तेव्हापासून दर सामन्याला येत होता आणि दर सामन्याला पस्तावत होता.

पहिला अर्धा तास गोल झाला नाही. चेंडू सगळा वेळ आपल्याच गोलसमोर होता, पण आत गेला नाही, त्यामुळे तिघांनाही कंटाळा आला. रावांनी डबा उघडला, मागे वळून सावलीतल्या तिघांनाही मुरुक्कू दिले, सेतुमाधवांच्या कवळीची चौकशी केली. आणि मग सुरू झालं. एक, दोन, हाफ टाइमनंतर तीन, आणि शिट्टी वाजायच्या आधी चार. चारही गोल आरोक्यदासच्या उजव्या हाताकडून, आणि चारही वेळा पठ्ठ्या डावीकडे झेपावून मातीत आडवा.

"तिकडं कोण पाव्हणा बसलाय काय ह्याचा?" मंदार ओरडला. "बॉल हिकडं, ह्यो तिकडं!"

शून्य-चार. घरच्या मैदानात, वर्षातून एकदा, इस्त्रीच्या शर्टात. रावांचा चेहरा असा झाला की सेतुमाधवांनी उरलेले मुरुक्कू न बोलता स्वतःच्या पिशवीत टाकले.

मेसमध्ये कॉफी यायच्या आधीच राव सुटले. "अय्यय्यो, ही टीम आहे कां? झोपायला आले होते. सेतू, तूं पाहिलास कीं नाहीं? तो सेंटर फॉरवर्ड, पूर्ण नव्वद मिनिटांत चेंडूला तीनदां लागला. त्यांत एकदां चेंडूच येऊन त्याला लागला."

"मी तर म्हणतों, लेफ्ट बॅकपेक्षां ती पाण्याची टाकी बरी," सेतुमाधव म्हणाले. "ती निदान जागेवर असते."

"काका, आमच्याकडं घरच्या मैदानावर असं चार खाल्लं असतं ना," मंदार म्हणाला, "तर गोलकीपरला महिनाभर गल्लीत कुणी दाढी करून दिली नसती. लई बेकार. उजवी बाजू म्हणजे निस्तं धर्मशाळेचं दार!"

रावांनी ते लिहून घेतलं. परिच्छेद चार: गोलकीपरची उजवी बाजू सर्वांस खुली होती. लिहिताना त्यांचा राग कमी होत नसे, तो नीट इस्त्री होऊन कागदावर बसे. सेंटर फॉरवर्डला एक परिच्छेद, बचावफळीला एक, बिस्किटाला अर्धा. मग सातवा. 'प्रस्तुत टीम चालू ठेवण्यात मंडळाचं कोणतंही हित दिसत नाही. सबब ती विसर्जित करून खेळाडूंस विविध शाखांत पूर्णवेळ कामास लावावं.'

मंदार डोकावून वाचत होता. "काका, डायरेक्ट विसर्जन?"

"दर वर्षीं हेंच लिहितों," राव म्हणाले. "आई पोराला नाहीं कां म्हणत, चालता हो घरांतून? पोर जातें कां कुठें? बस, कॉफी पी."

बोलून हलके झाले. बाहेर पडताना पुढच्या शनिवारी कुठल्या मैदानावर सामना आहे, किती वाजता निघायचं, हे तिघांनी ठरवलंसुद्धा.

त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी रावांच्या टेबलावर फाइल आली. उघडली तर त्यांचाच कागद. त्यांनी सवयीने आधी लाल रेघा शोधल्या. पहिल्या पानावर नव्हत्या. दुसऱ्या पानावर नव्हत्या. तिसऱ्या पानाच्या तळाशी निळ्या शाईत सही, आणि वर दोन शब्द: यथाप्रस्तावित मंजूर.

राव उभे राहिले. खरं सांगतो, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेहतीस वर्षं! त्यांनी पान उलटून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवलं, त्यांच्या शेजारच्या कारकुनाला दाखवलं. "एक रेघ नाहीं, पाहा. एक रेघसुद्धां नाहीं!" कारकुनाने अभिनंदन केलं, आणि मग त्या बिचाऱ्याने विचारलं की सर, विषय काय होता?

रावांनी विषय वाचला. मग सातवा परिच्छेद वाचला. मग ते खाली बसले, आणि पाणी कुणी आणून दिलं तेही त्यांना कळलं नाही.

दुपारी ते विद्युलता मॅडमसमोर उभे होते. बाईंच्या टेबलावर एकोणीस रिपोर्ट व्यवस्थित लावून ठेवलेले. संभाषण झालं इंग्रजीत, मतलब असा:

"मिस्टर राव, मी सगळे वाचले. असं मुद्देसूद लिखाण या इमारतीत दुसरं नाही. एकोणीस वर्षं, एकोणीस पराभव किंवा त्यासारखंच काही, एकोणीस शिफारशी, आणि शिफारस एकच. इतका ठाम माणूस मी पाहिला नाही. तुमचं आधीच ऐकायला हवं होतं कुणीतरी."

"मॅडम, ती शिफारस... तशी नव्हती."

"यात काही खोटं आहे का?"

आता इथे दुसरा कुणी असता तर सरळ म्हणाला असता, हो, रागात लिहिलं. पण राव पडले मसुदा शाखेचे. स्वतःच्या मसुद्यात खोटं आहे असं म्हणायला त्यांची जीभ उचलेना. "खोटं काही नाही, मॅडम. पण ती आमची पद्धत आहे."

"कसली?"

"हरल्यावर बोलायची."

बाईंनी चष्मा काढला. त्या कठोर नव्हत्या, एवढं त्यांच्या बाजूने बोललं पाहिजे. "या टीमबद्दल तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. हुकूम शुक्रवारी निघेल. तोवर मला एक टिपण द्या. टीम का असावी? एक चांगली गोष्ट, खेळातली, पुराव्यासकट. मी वाचीन."

बुधवारी संध्याकाळी मेसमध्ये तातडीचं विमर्शन बसलं. कॉफी आली, कागद निघाला, राव म्हणाले, "बोला. चांगलें बोला." चिरफाड करायला बसले असते तर रात्र पुरली नसती. कौतुक करायचं म्हटल्यावर कॉफीवर साय धरली.

"जर्सी स्वच्छ होत्या," शेवटी सेतुमाधव म्हणाले.

रावांनी लिहिलं.

"कुणाशीं भांडण केलें नाहीं," सेतुमाधवच पुढे म्हणाले.

"भांडायला बॉलजवळ पोचायला लागतंय, काका," मंदार म्हणाला, आणि लगेच ओशाळला. "सॉरी. ते लिहू नका."

"अरे, आठवा कीं! तूं तरुण आहेस, तुझे डोळे बरे आहेत. एक बरा पास? एक बरी किक?" रावांचा आवाज चढला, टेबलं वळून बघायला लागली. "इतकीं वर्षं बघतों आहों आपण. कांहीं तर पाहिलें असेल!"

मंदारने खरंच आठवून पाहिलं. त्याला चार गोल लख्ख आठवत होते, सेंटर फॉरवर्डचं धडपडणं आठवत होतं. त्यापलीकडे आठवत होते ते मुरुक्कू. तिघे साडेसात वाजेपर्यंत बसले, आणि टिपण झालं ते असं: खेळाडू शिस्तप्रिय आहेत, वेळेवर येतात, गणवेश स्वच्छ असतो, पंचांशी सौजन्याने वागतात.

शुक्रवारी ते परत आलं. लाल रेघा अशा की कागद रक्तबंबाळ. समासात मॅडमनी लिहिलं होतं: हे कोणत्याही शाखेतल्या शिपायाबद्दल लिहिता येईल, यात फुटबॉल कुठे आहे? दुपारी हुकूम निघाला. सोबत क्रीडा शाखाही बंद झाली. हुकुमात रावांचा सातवा परिच्छेद शब्द न शब्द उतरवलेला होता.

रावांनी त्या शनिवारी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुन्हा काढून ठेवला. महालक्ष्मीबाईंनी काही विचारलं नाही. भाजीची यादी त्यांनी त्या दिवशी स्वतःच लिहिली.

सोमवारी खेळाडूंच्या नेमणुका झाल्या. सेंटर फॉरवर्ड आवक-जावकला, लेफ्ट बॅक कॅन्टीनच्या देखरेखीला, त्याचं त्यातल्या त्यात भलं झालं. आणि मसुदा शाखेच्या दारात, रावांच्या समोर, हातात नेमणुकीचं पत्र घेऊन आरोक्यदास उभा.

रावांना वाटलं, आता हा शिव्या घालणार. आणि घालाव्यात असंही वाटलं. त्यांनी खुर्ची दाखवली. तो बसला, लांब हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. मग तो तमिळमध्ये म्हणाला, "सर, यंदाचा रिपोर्ट मला वाचायला मिळाला नाही. आधीच हुकूम आला."

"तूं वाचायचास?"

"दर वर्षी. क्रीडा सचिव वाचत नव्हते. ओले बूट ठेवायला म्हणून ते कागद आमच्या खोलीत टाकायचे. मी आधी सगळ्यांना वाचून दाखवायचो, मग त्यावर बूट ठेवायचो." तो हसला. "सेंटर फॉरवर्ड अण्णा रडायचे कधीकधी. पण वाचच म्हणायचे. आमच्याबद्दल दुसरं कोण लिहितं, सर?"

रावांनी पेनचं टोपण लावलं.

"गेल्या वर्षी चौथ्या परिच्छेदात तुम्ही लिहिलं होतंत, गोलकीपरची डावी बाजू सर्वांस खुली आहे. बरोबर होतं. मग वर्षभर कामावर यायच्या आधी मी कोवलमच्या वाळूत डावीकडे पडायला शिकलो. भाऊ होडीवरून येऊन चेंडू मारायचा. यंदा पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी डावीकडे सात मारले, सर. सातही अडवले. एक तर असा होता की मलाच खरं वाटेना. मग त्यांच्या लक्षात आलं, ते उजवीकडे मारायला लागले. माझं अंग आपसूक डावीकडेच जायचं. सवय झाली होती ना." त्याने नेमणुकीच्या पत्राची घडी घातली. "ते सात यंदा तुम्ही लिहिले असतील ना?"

रावांनी कपाटातून फाइल काढली. दोरी सोडली. पहिला अर्धा तास दुसऱ्या परिच्छेदात होता. एकच वाक्य होतं, त्यांच्याच रेखीव अक्षरात: पहिल्या तीस मिनिटांत उल्लेखनीय असं काही घडलं नाही.

शेजारच्या टेबलावरून त्यांनी लाल पेन मागून घेतलं आणि त्या वाक्यावर रेघ मारली. तेहतीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या मसुद्यावर मारलेली ही पहिली रेघ. इतके साहेब झाले, इतक्या जणांनी इतकं खोडलं, पण जे खोडायला हवं होतं ते खोडणारा कुणी त्या दिवशी मैदानात नव्हता. जो होता तो मागे वळून मुरुक्कू वाटत होता.

"सर, मला काम काय?" आरोक्यदासने विचारलं.

रावांनी कोरा कागद पुढे ओढला. "पहिला कसा आला तें सांग," ते म्हणाले. "कुणीं मारला, किती उंच, तूं कुठें होतास. हळू सांग."

तो सांगत गेला, राव लिहीत गेले. एकेका चेंडूला एकेक परिच्छेद, सात चेंडू, सात परिच्छेद. जेवणाची सुट्टी झाली, संपली. असा मसुदा त्यांच्या हातून कधीच उतरला नव्हता, हे त्यांचं त्यांनाही कळत होतं. शेवटी सही केली, तारीख घातली, आणि खाली प्रत कुणाला ते लिहायला पेन टेकवलं. क्रीडा सचिवांची खोली शुक्रवारीच रिकामी झाली होती. मॅडमचा हुकूम निघून गेला होता. राव तसेच पेन टेकवून बसले होते, आणि समोर आरोक्यदास हात पुढे करून विचारत होता, "सर, वाचून दाखवू का सगळ्यांना?"